टाचेच्या भेगा, घट्टे आणि आपले पाय: काय लावायचं, किती घासायचं, कशाच्या वाटेला जायचं नाही

कातळफूल (धागाकर्ती)

‘घाटावरच्या कोरड्या हवेत भेगा पडतात हे समजतं, पण आपल्याकडे कोकणात हवा एवढी दमट असताना टाचा का फुटतात?’ हा प्रश्न दुसऱ्या एका धाग्यावर आला आणि तिथे चर्चा केसांच्या तेलाकडे गेली. म्हणून वेगळा धागा काढते.

उत्तर हवेत कमी आणि कातडीच्या बांधणीत जास्त आहे. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी एकही नाही. बाकी अंगाला स्वतःचा स्निग्धपणा मिळतो, तळव्याला मिळत नाही. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाय पाण्यात आणि चिखलात. पाणी कातडीला ओलावा देतं असं वाटतं, पण सतत भिजलेली कातडी फुगते आणि ओलावा धरून ठेवणारे तिचे घटक धुऊन जातात. मग दिवाळीनंतर सकाळी मतलई सुटते, तो वारा जमिनीवरून येणारा, कोरडा. धुतली गेलेली ही कातडी तेव्हा झपाट्याने वाळते. पावसात पाय फुगलेले म्हणून कोणी लक्ष देत नाही, आणि डिसेंबरात फुटले की थंडीला दोष.

भेग टाचेच्या कडेलाच का पडते तेही बघा. टाचेखाली चरबीची गादी असते. उभं राहिलं की ती वजनाने बाजूला फाकते. कडेची कातडी मऊ असेल तर ताणली जाते, जाड आणि कडक असेल तर तडकते. त्यामुळे मागून उघड्या चपला, कडप्प्यावर किंवा टाइल्सवर तासन्‌तास उभं राहणं आणि वाढलेलं वजन ही तीन कारणं हवामानाइतकीच मोठी आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कातळावर, बांधावर, खळ्यात अनवाणी वावरणाऱ्यांच्या तळव्याची जाडी हा रोग नाही, ते संरक्षण आहे. ती पूर्ण काढायची नाही. जिथे ती कडक होऊन फुटते तेवढीच कमी करायची. जाहिरातीतल्या गुलाबी टाचा डोळ्यांसमोर ठेवून प्रतिसाद देऊ नयेत ही विनंती.

न्हाणीघर

घासण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

पाणी कोमट घ्या, अंगाला लागेल न लागेल इतपत. घमेल्यात घोटा बुडेल एवढं पाणी, त्यात अंघोळीच्या साबणाचा थोडासा फेस किंवा काहीच नाही. मीठ नको, खाण्याचा सोडा नको, लिंबूही नको. मीठ पाणी शोषतं, सोड्याने कातडीचा नैसर्गिक आंबटपणा जातो आणि ती आणखी कोरडी पडते, लिंबू उघड्या भेगेत झोंबतं. वेळ १० मिनिटं, फार तर १५. बोटांची टोकं सुरकुतायला लागली म्हणजे जास्त झालं. अर्धा तास पाय बुडवून पेपर वाचत बसणारे स्वतःहून पावसाळा आणतात.

मग पाय घासायची वजरी. भाजलेल्या मातीची, बारीक दाण्याची सगळ्यात बरी. पितळी खाचांची वजरी जोर लावला तर ओरखडते. न्हाणीत जांभ्याचा तुकडा ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, पण जांभा सच्छिद्र आणि खरखरीत. त्याची भोकं साबण आणि मेलेल्या कातडीने भरतात, ती वाळत नाहीत आणि त्यात बुरशी राहते. जांभा घराच्या भिंतीला शोभतो.

घासताना एकाच दिशेने, हलक्या हाताने, एका टाचेला दीड-दोन मिनिटं. भेगेच्या आत घासायचं नाही, कडांवर घासायचं. भेगेचे दोन्ही ओठ जाड आणि ताठ असतात, तेच तिला उघडं ठेवतात. ते बसले की भेग मिटायला लागते. टाच गुलाबी दिसली किंवा गरम लागली की थांबा. आठवड्यातून दोन वेळा बस. रोज घासलं तर कातडीला वाटतं की इथे घर्षण वाढलंय, आणि ती जोमाने जाड होते. ‘घासतो तेवढं वाढतं’ ही तक्रार त्यातूनच येते.

भेगेत तांबडी माती बसली असेल तर वजरीने निघत नाही. जुना मऊ टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून भेगेच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवा नको. ब्लेड, नेलकटर, चाकू, दाढीचं पातं यांतलं काहीही नको.

शेवटी पाय टिपून घ्यायचे. बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या, टाच मात्र किंचित दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल किंवा मलम. तेल स्वतः ओलावा देत नाही, आहे तो अडवून धरतं. कोरड्या ठणठणीत टाचेवर सकाळी तेल चोपडून उपयोग होत नाही तो याचमुळे.

भिरंडेल

तेलाचा विषय निघालाच आहे तर मुठेलाबद्दल.

एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळं) फोडले की सालांची आमसुलं होतात, गराचं आगळ होतं आणि बिया उरतात. त्या उन्हात कडकडीत वाळवून, वरचं टरफल काढून, कुटून पाण्यात उकळल्या की चरबी वर तरंगते. ती काढून हाताने वळलेले गोळे म्हणजे मुठेल. कोकणच्या खोलीच्या तपमानाला ते घट्ट राहतं आणि साधारण अंगाच्या तपमानापेक्षा जरा वर, ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून टाचेवर नुसता गोळा घासला तर पातळ थर बसतो, ओघळत नाही. खोबरेल साधारण २४-२५ अंशांनाच पातळ होतं, ते चादरीला जास्त लागतं आणि टाचेला कमी.

नुसतं मुठेल कडक लागत असेल तर मलम करा. मुठेल ३० ग्रॅम, खोबरेल ४० ग्रॅम, तिळाचं तेल किंवा एरंडेल २० ग्रॅम, मधमाशीचं मेण १० ग्रॅम. मेण सगळ्यात उशिरा, ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून आधी मेण आणि खोबरेल एका वाटीत घालून ती वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण विरघळल्यावर किसलेलं मुठेल, ते विरघळलं की गॅस बंद करून तिळाचं तेल. थेट आचेवर ठेवू नका, तेल करपलं की वास जात नाही.

बिघडतं कुठे? एक, वाटीत पाण्याचा थेंब गेला की आठ-पंधरा दिवसांत खवट वास किंवा बुरशी. डबी आणि चमचा कोरडे हवेत. दोन, सावकाश थंड केलं तर मलम दाणे धरतं. गार पाण्यात वाटी ठेवून, घट्ट व्हायला लागेपर्यंत ढवळत राहिलं की गुळगुळीत होतं. दाणे धरलंच तर पुन्हा वितळवा, वाया जात नाही. तीन, मेण जास्त घातलं तर टाचेवर पापुद्रा बसतो आणि मोज्यात सोलून येतो.

दोन्ही टाचांना मिळून सुपारीच्या खांडाएवढं, म्हणजे दोन-तीन ग्रॅम पुरतं. १०० ग्रॅमची डबी महिनाभर जाते. विकत घेताना मुठेलाचा रंग पिवळसर पांढरा, पोत टणक आणि ठिसूळ. हातात घेतल्या घेतल्या पाघळायला लागलं तर त्यात दुसरी काहीतरी चरबी आहे.

करंजेल आणि उंडीचं तेलही किनाऱ्याला वापरतात. दोन्ही उग्र. उघड्या भेगेवर नको, आणि पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत बघा.

शिरोडकरांचा_बाबू

मुठेल लावा, दुसरां काय नको. पण लावन उठान चालाक लागू नको, टायल्यार घसरान पडशात.

कातळफूल

बाबूने एका ओळीत महत्त्वाचं सांगितलं. वयस्कर माणसं रात्री तेल लावून मोरीकडे उठतात आणि गुळगुळीत फरशीवर पडतात. माकडहाडाचं दुखणं भेगेपेक्षा फार महाग. अंथरुणावर बसून लावायचं, वर सुती मोजे, आणि मोजे गुळगुळीत असतील तर खाली पाय ठेवण्याआधी ते काढून चप्पल.

औषधपेटी

दुकानातल्या ट्यूबांबद्दल. नाव काहीही असो, मागच्या बाजूला टक्के वाचा, किंमत नंतर.

युरिया १० टक्के असेल तर तो फक्त ओलावा धरतो, रोज दोन वेळा चालतो, तळव्याला आणि पोटरीलाही. २० ते २५ टक्क्यांना जाड थर मऊ व्हायला लागतो. ४० टक्के हे घट्ट्यासाठी, रात्री, फक्त जाड भागावर, भोवतालच्या चांगल्या कातडीला न लावता. युरिया उघड्या भेगेत चरचरतो, म्हणून आधी तीन-चार दिवस नुसतं पेट्रोलियम जेली लावून भेग बंद होऊ द्या, मग युरिया सुरू करा. पहिल्याच रात्री आग झाली म्हणून ट्यूब फेकून देणाऱ्यांनी बहुतेक हा टप्पा वगळलेला असतो.

(खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून लावायचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. शेतीचा युरिया आपल्याकडे २०१५ पासून कडुलिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो, आणि त्याची शुद्धता कातडीसाठी तपासलेली नसते. तो भाताला घाला.)

लॅक्टिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम लॅक्टेट १२ टक्के हा दुसरा चांगला पर्याय. सॅलिसिलिक अ‍ॅसिड ६ टक्के म्हणजे कातडी सोलणारं औषध, ते फक्त घट्ट्यावर. व्हिटफील्ड मलमात बेंझोइक ६ टक्के आणि सॅलिसिलिक ३ टक्के असतं, जुनं आणि स्वस्त. बुरशी आणि जाडी दोन्ही एकत्र असतील तिथे अजूनही कामाला येतं.

ट्यूब लावून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे बरेच आहेत. जेली किंवा मुठेल असेल तर तास-दोन तास चालेल. सॅलिसिलिकवर नको, ते जास्त आत जातं आणि चांगली कातडीही सोलते. दमट रात्री पिशवी बांधून झोपलात तर सकाळी पाय पांढरे पडून कुजल्यासारखे दिसतील.

निकालाचा अंदाज: तळव्याची कातडी बदलायला महिन्याच्या आसपास लागतो. चार आठवडे नियमित केल्याशिवाय ‘काही फरक नाही’ म्हणू नका. आणि फरक पडल्यावर थांबलात तर पुन्हा तेच. नंतर आठवड्यातून तीन-चार रात्री पुरे.

खळ्यातली_कोंबडी

मेणबत्तीचं मेण आणि तेल गरम करून भेगेत ओततात, त्याने भेग लगेच बुजते. आमच्याकडे सगळे करतात. त्यावर काय मत?

औषधपेटी

मेणबत्तीचं मेण वितळतं साधारण ५० ते ६० अंशांना, आणि चमच्यातून ओतताना त्याहून गरम असतं. जाड कातडीला ते लागत नाही म्हणून माणूस ओतत राहतो आणि भेगेच्या तळाशी जिवंत कातडी भाजते. वरून बुजलेली दिसते, आत माती आणि जंतू बंद. करायचंच असेल तर वर भिरंडेल यांनी दिलंय तसं मलम, बोटाला सोसेल इतकं थंड झाल्यावर.

फेविक्विकचंही तेच. डॉक्टर कातडी चिकटवायला वापरतात ते द्रव वेगळ्या प्रकारचं असतं. घरगुती गोंद सुकताना गरम होतो, कडा दगडासारख्या होतात आणि पुढचं पाऊल टाकलं की शेजारी नवी भेग पडते.

प्राथमिक_केंद्र

खोल भेग असेल, चालताना रक्त येत असेल, तर मलमाने दोन दिवसांत बरं व्हायची वाट बघू नका. भेग स्वच्छ धुवा, वाळवा, दोन्ही कडा बोटांनी जवळ आणा आणि औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी भेगेला आडवी लावा. पट्टी भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जायला हवी. कडा एकमेकींना लागून राहिल्या तर भेग आतून भरते. पट्टी भिजली की बदला. धनुर्वाताचं इंजेक्शन ५ वर्षांत झालेलं नसेल तर तेही घ्या, शेण आणि माती आपल्या पायाशीच असते.

मधुमेह असणाऱ्यांचं प्रकरण संपूर्ण वेगळं. त्यांच्या पायाची जाणीव हळूहळू कमी होते, आणि घाम कमी झाल्याने तळवा आणखी कोरडा पडतो. त्यांनी पाय भिजवत ठेवायचे नाहीत, धुवायचे आणि टिपायचे. पाणी किती गरम आहे ते पायाने बघायचं नाही, कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्याच्या हाताने. वजरी हलकी, ती डॉक्टरांनी पाय तपासून होकार दिला असेल तरच. सॅलिसिलिक, कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधी टोपी), ४० टक्के युरिया बंद. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघायचा. घट्ट्याखाली काळसर किंवा निळसर डाग दिसला तर आत जखम झालेली असू शकते, दुसऱ्या दिवशी दवाखाना. घरातही अनवाणी नाही.

तळव्यावर किंवा पायावर बधिर चट्टा असेल, चटका कळत नसेल, घाम येत नसेल आणि तेवढाच भाग कोरडा फुटत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लपवण्यासारखं काही नाही, औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. जाणीव गेलेल्या अशा पायाची रोजची निगा मात्र मधुमेहाच्या उलट असते, साध्या पाण्यात भिजवणं, मऊ झालेला जाड थर हलकेच घासणं आणि ओल्या कातडीवर तेल. ती तिथल्या कर्मचाऱ्यांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

भेगेभोवती लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, जांघेत अवधान (गाठ) आलंय, ताप आहे, तर हळद-तेल लावून बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

बांधावरचा_भात

लेप्टोचं लिहायचं राहिलं.

प्राथमिक_केंद्र

हो, तेच टंकत होते.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-गुरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. भाताच्या चोंढ्यात (पाणथळ शेतात) भेगा पडलेल्या पायांनी उतरणं म्हणजे त्यांना दार उघडं ठेवणं. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या पिळवटल्यासारख्या दुखणं, डोळे लाल, अशी लक्षणं आली की तापाची गोळी खाऊन शेतात जाऊ नका. केंद्रात जाऊन ‘शेतात पाण्यात काम केलं’ हे स्वतःहून सांगा, नाहीतर साधा ताप समजून वेळ जातो. लागण असलेल्या भागांत आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. ती गोळी त्यांच्याकडूनच घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांनी आपल्या मनाने घ्यायची नाही.

बांधावरचा_भात

गमबूट घालून लावणी करावी असं लिहिणाऱ्यांना एकच सांगणं. गमबूट घालून गुडघाभर चिखलात शिरलात तर बूट चिखलात आणि तुम्ही बांधावर! नांगरणी, चिखलणी, लावणीला बूट चालत नाही. तरवा (भाताची रोपं) काढताना, बांधावर, गोठ्यात आणि कापणीला चालतो.

मग लावणीच्या पायांसाठी काय, तर उतरण्याआधी थर. मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून रोज रात्री टाचा मऊ करून भेगा बंद करायच्या, हे पहिलं. शेतात उतरताना टाच, कडा आणि बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली किंवा मुठेल-खोबरेल जाड थापायचं. पातळ तेल पहिल्या अर्ध्या तासात धुऊन जातं. दुपारी जेवायला बाहेर आलात की पाय विहिरीच्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्याने धुऊन पुसायचे आणि पुन्हा थर. संध्याकाळी साबण, कोरडं फडकं, आणि तासभर पाय उघडे वाऱ्यावर. बेचक्या कोरड्या झाल्याशिवाय तेल नाही, नाहीतर चिखल्या वाढतात.

चिखल्या आणि भेगा यांची औषधं उलटी आहेत हे लोक विसरतात. चिखल्यांना कोरडेपणा हवा, टाचेला स्निग्धपणा. मेंदीचा पाला वाटून लावतात तो कातडी सुकवतो आणि आवळतो, म्हणून बेचक्यांत बरा वाटतो. तोच टाचेला फासला की टाच आणखी कडक.

बंदरकाठ

जेटीवरच्या पायांचं गणित वेगळं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. बोटीवरून उतरल्यावर पाय तसेच वाळले की ते मीठ कातडीवर बसतं, पाणी खेचतं, आणि बुटात कणी घासत राहते. म्हणून घरी जाऊन नाही, तिथेच गोड्या पाण्याने पाय धुवायचे. एक बाटली पुरते.

बर्फ-पाण्यात गमबूट घालून दिवसभर राहणाऱ्यांचे पाय आतून घामाने भिजलेले असतात. त्यांच्या तळव्याला चाळणीसारखी बारीक भोकं पडतात आणि उग्र वास मारतो. ती भेग नाही, कोरडेपणाही नाही. ओल्या जाड कातडीत वाढणाऱ्या जंतूंमुळे होतं. त्यावर मुठेल लावलं तर जंतूंची चंगळ. डॉक्टर त्याला लावायचं जंतुनाशक मलम देतात, दोन-तीन आठवड्यांत जातं. सोबत मोजे दुपारी बदलायचे आणि गमबूट रात्री उलटे टांगायचे. उभे ठेवले तर सकाळपर्यंत वाळत नाहीत. पावसात दोन जोड आलटून पालटून.

चिरेखाण

धागाकर्तीचा ‘जाडी पूर्ण काढू नका’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. खाणीवर आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाड तळवा लागतो हे खरं. पण जाडी सगळीकडे सारखी नसते. पायाच्या बोटांमागच्या उंचवट्यावर एक गोल घट्टा असतो, तो चालण्याच्या ढबीने आणि चपलेने आलेला असतो, कातळाने नव्हे. तो ठेवला तर संरक्षण होत नाही, खाली खडा असल्यासारखं दुखतं.

न्हाणीघर

दोघांचंही जमतं. अंगठ्याने दाबून बघा. जाड भाग लवचिक असेल, दाबला की थोडा आत जाऊन परत येत असेल, तर राहू द्या. पिवळट, काचेसारखा कडक आणि चिमटीत न येणारा असेल तर तेवढा पातळ करा. थर थर, तीन-चार आठवड्यांत. एका बैठकीत काढलात तर दुसऱ्या दिवशी कातळावर पाऊल ठेवता येणार नाही.

चपलेचा_अंगठा

चपलेचं कोणी बोललं नाही. मागून उघडी, टाचेपेक्षा आखूड आणि झिजून एका बाजूला कललेली स्लिपर हे टाच फुटायचं नंबर एकचं कारण. टाचेची मागची कड चपलेच्या बाहेर अर्धा बोट जरी लोंबत असली तरी चरबीची गादी तिथेच फाकते. चपलेचा तळ टाचेपेक्षा बोटभर लांब हवा. टाचेच्या जागी किंचित खोलगट, कडेला उंच अशी वाटी असेल तर उत्तम, ती गादीला धरून ठेवते. जुनी स्लिपर उलटी करून बघा. टाचेचा एकच कोपरा झिजलेला असेल तर त्याच बाजूला भेगा जास्त सापडतील. कोपरा झिजला की चप्पल बदलायची, पट्टा तुटायची वाट बघायची नाही.

स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहायला जुन्या गोधडीची चौपदरी घडी किंवा रबरी चटई. सारवलेल्या जमिनीची जागा टाइल्सने घेतली, पण उभं राहण्याचे तास तेवढेच राहिले.

हापूस_देठ

कुरुपावर बिबा लावण्याबद्दल जाणकारांनी लिहावं. गावात अजूनही बिब्याचं तेल सुईने टोचून लावतात.

औषधपेटी

नका लावू. बिबा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. बिब्याच्या तेलात, काजूच्या टरफलाच्या तेलात आणि आंब्याच्या चिकात एकमेकांशी नातं असलेली, कातडी जाळणारी द्रव्यं असतात. ज्यांना आंब्याचा चीक किंवा काजूचं तेल उततं, त्यांना बिबा हमखास उततो. पहिल्या दिवशी काळा डाग, एक-दोन दिवसांत फोड, पाणी, खाज, आणि ते लावलेल्या जागेबाहेर पसरतं. कुरूप राहतं बाजूला आणि पाऊल टेकवता येत नाही. उतलाच तर भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

कुरुपाला ४० टक्के सॅलिसिलिकची टोपी मिळते. ती तशीच चिकटवू नका. औषधाची चकती कुरुपाच्या गाठीएवढीच कापा, भोवती जेली लावा, ४८ तासांनी काढून कोमट पाण्यात भिजवून पांढरी कातडी हलकेच घासा, गरज असेल तर नवी लावा. १४ दिवसांत झालं नाही तर थांबा. आणि कुरूप ज्या दाबाने झालं तो चपलेतला दाब गेला नाही तर ते परत येणारच.

चिरेखाण

आणि आधी ते कुरूपच आहे ना ते बघा. सरळ वरून दाबल्यावर दुखलं तर कुरूप. बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं, वरची जाडी घासल्यावर काळे बारीक ठिपके दिसले आणि तळव्याच्या रेघा तिथे तुटलेल्या असल्या तर ती चामखीळ. चामखीळ विषाणूची, घरातल्या एकाच वजरीने दुसऱ्याला लागते. वजरी ज्याची त्याची वेगळी ठेवा, वापरल्यावर उन्हात वाळवा.

प्राथमिक_केंद्र

याच ओळीत आणखी एक ओळखायची गोष्ट. दोन्ही तळवे पिठासारखे कोरडे, रेघांमध्ये पांढरा भुसा, कडेपर्यंत चप्पल घातल्यासारखी सीमा, आणि एकाच हाताचा तळवाही तसाच, तर ती बहुतेक बुरशी असते. वर्षानुवर्षं लोक तिला कोरडेपणा समजून तेल लावतात. सोबत नखं पिवळी, जाड असतील तर शंका आणखी घट्ट. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची साधी तपासणी असते, ती करून मगच औषध. दुकानातून ‘खाज-खरुजेची’ तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब आणू नका, त्यात स्टेरॉइड असतं. आठवडाभर छान वाटतं, मग बुरशी दुप्पट आणि औषधाला न जुमानणारी.

दोन्ही तळव्यांना आणि तळहातांना सारखेच लाल, जाड, ठळक कडांचे चट्टे असतील तर सोरायसिस असू शकतो. त्याला वजरी अजिबात नाही, घासल्याने चट्टे वाढतात. तळव्यांबरोबर सगळं अंग कोरडं, थकवा, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, असं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी. पाळी जाण्याच्या वयात बायकांच्या टाचा अचानक जाड होऊन फुटतात, तेही माहीत असू द्या, दोष त्यांच्या निष्काळजीपणाचा नसतो.

खळ्यातली_कोंबडी

मलम केलं. मेण किसून घातलं, लवकर विरघळलं. पण वर भुरकट पांढरी पूड आलीये, खराब झालं का?

भिरंडेल

वास घेऊन बघा. खवट किंवा कुबट वास नसेल आणि पूड बोटाने चोळल्यावर विरघळत असेल तर ती मेणाची आहे, थंडीत वर येते, काही बिघडलेलं नाही. केसाळ, हिरवट किंवा काळे ठिपके असतील तर बुरशी, सगळं टाका, वरचं काढून खालचं वापरू नका. डबी मोरीत किंवा न्हाणीत ठेवू नका, तिथली वाफ झाकणाच्या आतून थेंब धरते. शिंक्यावर किंवा कपाटात, आणि बोट न घालता लाकडी पट्टीने काढा.